वडिलांना हॉस्पिटलमध्ये बेडसोर झाला, डिस्चार्ज कार्डवर एक शब्द नाही. तक्रार करावी का?

मृ_ठाणे

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणार आहे, आधीच माफी.

बाबा ८२ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. बऱ्यापैकी नाव असलेल्या खाजगी हॉस्पिटलमध्ये ऍडमिट केलं (नाव लिहिणार नाही, प्लीज विचारू नका). दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं, रॉड टाकला. सर्जनबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हाड मस्त बसलंय म्हणतात. तक्रार आहे ती त्यानंतरची.

ऑपरेशननंतर आयसीयूत ठेवलं. नातेवाईकांना सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ भेट, बाकी बाहेर बाकड्यावर. कानाचं मशीन, चष्मा, कवळी सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या हातात दिलं, हरवलं तर जबाबदारी आमची नाही म्हणे. मशीन नसेल तर बाबांना शेजारी ढोल वाजला तरी कळत नाही. झालं, रात्रीपासून भ्रम सुरू. रात्रभर तिकिटं फाडत होते, "पुढे सरका, पुढे रिकामं आहे" असं ओरडत होते आणि सलाईनची नळी म्हणजे घंटीची दोरी समजून ओढत होते. सिस्टर मला हसत हसत सांगत होत्या, आजोबांनी आज आम्हाला स्वारगेटला सोडलं म्हणून. संध्याकाळी आत गेले तर दोन्ही हात गॉजच्या पट्टीने कॉटला बांधलेले, मनगटं लालबुंद. कोणी बांधायला सांगितलं विचारलं तर "नाईटवाल्यांनी बांधलंय".

वॉर्डात आल्यावर भाऊ सोबत राहिला. त्याला सांगितलं ऑपरेशनचा पाय आहे, पेशंटला हलवायचं नाही, म्हणून बाबा सतत उताणे. बेल वाजवली की मावशी येणार कधी तरी, तोवर डायपर तसाच. आणि काहीही विचारा उत्तर एकच, "वय झालंय हो त्यांचं". जेवत नाहीत, वय. बडबडतात, वय. झोपूनच असतात, वय. अहो पडायच्या आदल्या दिवशी हा माणूस पिशवी घेऊन चालत भाजी आणायला गेला होता, तेव्हाही वय ८२च होतं ना!

घरी आणलं, अंग पुसायला कुशीवर वळवलं तर माकडहाडावर तळहाताएवढी जखम, मधोमध काळी. डिस्चार्ज कार्डवर लिहिलंय जनरल कंडिशन फेअर, वुंड हेल्दी, ते टाक्यांबद्दल. बेडसोरचा उल्लेखच नाही. फोन केला तर म्हणतात घरी झाला असेल. अँब्युलन्समधून उतरवून दुपारचं जेवणही झालं नव्हतं आमचं!

आता काय करू? जखमेचं काय करायचं, बाबा अजून संध्याकाळी असंबद्ध बोलतात ते कायमचं आहे का, आणि तक्रार करायची तर कुठे? भाऊ म्हणतो फॉलोअप त्याच सर्जनकडे आहे, उगाच वाकड्यात शिरू नको. पण मला रात्री झोप लागत नाही त्या बांधलेल्या हातांमुळे.

---

जुनी सिस्टर

मृ ताई, तक्रारीचं नंतर बघू, आधी जखम. मी सिव्हिलमध्ये आणि नंतर खाजगीत मिळून जन्म काढलाय त्यामुळे स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

काळं म्हणजे मेलेली कातडी. त्याखाली किती खोल आहे ते वरून कळत नाही. ती काढायची का, कधी, हे सर्जन ठरवेल, घरी चिमट्याने ओरबाडायला जाऊ नका. ताप, घाण वास, पू, भोवती लाली पसरणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा, थांबू नका. ड्रेसिंगला सलाईन वॉटर. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, शेजारच्या काकूंची पावडर यातलं काही नको. लाल झालेल्या जागेवर चोळून मालिश तर अजिबात नाही, आपल्याकडे हौसेने करतात, आतली नाजूक कातडी आणखी फाटते. आणि ते रबराचं गोल रिंग मिळतं ना मेडिकलमध्ये, ते आणलं असेल तर परत करा, त्याच्या कडेवर दाब येऊन रक्तपुरवठा उलट कमी होतो.

दर दोन तासांनी कूस. मागे उशी लावून थोडं तिरकं, पूर्ण कुशीवर टाकून खुब्याच्या हाडावर भार नको. पायांमध्ये उशी. टाचा रोज बघा, पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा, माकडहाडानंतर पहिला नंबर टाचेचा. जेवणाची वेळ सोडून पाठ फार उंच ठेवू नका, माणूस खाली घसरतो आणि कातडी घासते. वर सरकवताना खालच्या चादरीसकट दोघांनी उचलायचं, काखेत धरून ओढायचं नाही. हवेची गादी भाड्याने मिळते, घ्याच, पण गादी आहे म्हणून कूस बदलायची नाही असं करू नका, घरोघरी हेच होतं. खाण्यात प्रोटीन वाढवा, अंडी, डाळ, पनीर, दूध जे चालेल ते, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. शुगर असेल तर ती आटोक्यात हवी, नाहीतर कितीही ड्रेसिंग करा, भरणार नाही.

आता "ऑपरेशनचा पाय आहे, हलवायचं नाही" याबद्दल. हे चूक आहे. रॉड टाकतात तोच मुळी पेशंटला लवकर हलवता यावं, बसवता यावं म्हणून. हलवायचं नाही याचा अर्थ बऱ्याच वेळा हलवायला माणूस नाही असा असतो. रात्री एक सिस्टर आणि अख्खा वॉर्ड असतो हो, वरून अर्ध्या मुली शिकाऊ. मी त्यांना माफ करत नाहीये, पण ज्या मुलीवर तुम्ही चिडाल तिच्या हातात काही नसतं, माणसं कमी ठेवणारा एसी केबिनमध्ये बसलेला असतो.

हात बांधणं हा शेवटचा उपाय. त्याला डॉक्टरची लेखी ऑर्डर लागते, कारण लिहावं लागतं, घरच्यांना सांगावं लागतं, मधून मधून सोडून मनगट बघावं लागतं. "नाईटवाल्यांनी बांधलंय" हे उत्तर आमच्या मेट्रननी ऐकलं असतं तर काही खरं नव्हतं.

---

भूलवाला

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर असे आजोबा रोज भेटतात.

वडिलांना जे झालं त्याला डिलिरियम म्हणतात. वेड नाही, डिमेन्शियाही नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत खूप कॉमन आहे, संध्याकाळ-रात्री वाढतं, सकाळी एकदम शहाण्यासारखं बोलतात. बहुतेकांचं ओसरतं पण काहींना आठवडे लागतात, क्वचित महिनेही. तोवर वाट बघत बसायचं असं मात्र नाही, कारण शोधायचं. रक्तातलं सोडियम बिघडणं, लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं, न शमलेली वेदना, झोपेच्या गोळ्या. यात आता जखमेचं इन्फेक्शनही आलं. एक रक्त-लघवी तपासणी आणि गोळ्यांची पूर्ण यादी घेऊन फिजिशियनला भेटा. घरी साध्या गोष्टी: कानाचं मशीन आणि चष्मा उठल्याबरोबर लावा, दिवसा उजेडात बसवा, भिंतीवर मोठं घड्याळ, ओळखीची माणसं. आयसीयूत मशीन काढून घेतलं ते मला सगळ्यात जास्त खटकलं. ज्याला ऐकू येत नाही, दिसत नाही, दिवस की रात्र कळत नाही, तो घंटीची दोरी ओढणारच.

आता थोडं दुसऱ्या बाजूने. सगळेच बेडसोर टाळता येतात असं नाही. हाडकुळा माणूस, बीपी कमी, लांबलेलं ऑपरेशन, यात सगळं करूनही होतो. काही वेळा इजा आत खोल होते आणि वर दिसायला दोन-तीन दिवस जातात, आधी जांभळट डाग मग काळं. म्हणजे सुरुवात टेबलावर झाली असणंही शक्य आहे. त्यामुळे सोर झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं लगेच धरू नका. पण झालेला न लिहिणं, न सांगणं आणि वर घरी झाला म्हणणं, याचा बचाव मी करणार नाही. आणि "वय झालंय" हे निदान नव्हे. ज्युनियर असताना आम्हीही हे वाक्य सर्रास वापरायचो, राऊंड लवकर संपतो त्याने.

---

रोखठोक९९

असल्या हॉस्पिटलांची काच फुटल्याशिवाय अक्कल येत नाही. दहा पोरं घेऊन जा, बघा कसे सरळ होतात.

---

ग्राहकराजा

@रोखठोक९९ असले सल्ले देऊ नका हो. २०१० चा राज्याचा कायदा आहे, हॉस्पिटलमध्ये मारहाण-तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई वेगळी. म्हणजे वडिलांची कूस कोण बदलणार, भाऊ आत बसलेला.

मृ ताई, मी सासूबाईंच्या प्रकरणात या सगळ्यातून गेलोय म्हणून क्रमाने सांगतो, वकील नाही मी.

आजच्या आज जखमेचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून म्हणजे आकार कळतो, आणि मूळ फाईल फोनमध्ये ठेवा, व्हॉट्सअॅपवरून फिरवलेले नाही. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला दाखवा आणि त्याच्या कागदावर तारीख, जागा, आकार लिहून घ्या. हे घरी झालं या उत्तराला तेवढंच औषध आहे, ताजी जखम आणि काळी पडलेली जखम यातला फरक कोणताही डॉक्टर सांगेल.

मग हॉस्पिटलला लेखी अर्ज, इनडोअर केस पेपरची पूर्ण कॉपी द्या म्हणून. डिस्चार्ज कार्ड नव्हे, ते दोन पानी असतं आणि त्यात त्यांना हवं तेच असतं. पूर्ण फाईल म्हणजे नर्सिंग नोट्स, आयसीयू चार्ट, ड्रग चार्ट, ऑपरेशन नोट्स, संमतीपत्रं सगळं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावं लागतं. वडील शुद्धीवर आहेत म्हणून अर्ज त्यांच्या सहीने किंवा अंगठ्याने, किंवा त्यांनी तुम्हाला दिलेलं अधिकारपत्र जोडून. आपल्या कॉपीवर पोच घ्या, शिक्का मारत नाही म्हणाले तर स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही. अर्जात भांडण लिहू नका, एका ओळीत मागणी आणि संपलं.

कुठे तक्रार करायची हे तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरच्या रजिस्ट्रेशनवर कारवाई करू शकते, पैसे देववत नाही, आणि तुमचं भांडण डॉक्टरशी नाही हे तुम्हीच म्हणताय. नर्सिंग केअर ही हॉस्पिटलची जबाबदारी, तिथे ग्राहक आयोग. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्यात आणले, इन्शुरन्सने बिल भरलं असेल तरी चालतं. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, ऑनलाइन दाखल होते, भरलेलं बिल पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पोलिसात जायचा मोह होईल पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर गुन्ह्याला स्वतंत्र वैद्यकीय मत लागतं आणि निष्काळजीपणाही फार मोठा असावा लागतो, हे प्रकरण त्यातलं वाटत नाही.

आणि एक, आपल्या राज्यात नर्सिंग होम नोंदणीचे नियम २०२१ मध्ये सुधारले, रुग्ण हक्कांची सनद हॉस्पिटलात लावणं बंधनकारक आहे. हॉस्पिटलचं रजिस्ट्रेशन महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागाकडे असतं, तिथेही लेखी तक्रार करता येते. फुकट, आणि हॉस्पिटलवाले ग्राहक आयोगापेक्षा याला जास्त दचकतात असा माझा अनुभव, कारण लायसन्स रिन्यू करायला त्याच टेबलावर जावं लागतं.

आमच्या केसचं विचाराल तर वर्षं गेली, थोडीफार भरपाई मिळाली, सासूबाई निकालाआधीच गेल्या. त्यामुळे पैशासाठी करणार असाल तर करू नका असंच सांगेन.

---

लीड्सवाला

इंग्लंडमध्ये एका वृद्धांच्या वॉर्डात काम करतो. इथे पेशंट आला की पहिल्याच दिवशी कपडे काढून टाचा, माकडहाड, कोपरं बघून लिहावं लागतं, मार्क काढून धोका ठरवतात. कारण कौतुकाचं नाही, भीतीचं आहे. येताना लिहिलं नाही तर सोर आमच्याकडे झाला असं धरतात.

आणि इकडे सगळं छान असं समजू नका. स्टॅफर्डच्या सरकारी हॉस्पिटलचं प्रकरण वाचा, म्हातारी माणसं घाण झालेल्या चादरीत पडून, पाणी हाताच्या टप्प्याबाहेर. आपली आई तिथे वारल्यावर ज्युली बेली नावाच्या बाईने एका कॅफेत इतर नातेवाईकांना जमवून लढा उभा केला. २०१३ च्या चौकशी अहवालात २९० शिफारशी होत्या. त्यातूनच पुढच्या वर्षी नियम आला, पेशंटला गंभीर इजा झाली तर हॉस्पिटलने स्वतःहून सांगायचं, माफी मागायची. त्या अहवालात पैसे वाचवायला नर्सेस कमी केल्याचंही आलंय, म्हणजे वर सिस्टर म्हणतात तेच. आपल्याकडे ज्युली बेली होणं सोपं नाही हे मान्य, पण त्या हॉस्पिटलातल्या आणखी दोन-चार नातेवाईकांशी बोलून बघा.

---

चहा बिस्कीट

मला वाटतं सोडून द्या ताई. कागदं, अर्ज, आयोग, यात माणूस आतून कुजतो. तेवढा वेळ बाबांजवळ बसा.

---

जुनी सिस्टर

@चहा बिस्कीट, सगळे सोडून देतात म्हणून तर पुढच्या आजोबांना तेच होतं. एक अर्ज लिहायला अर्धा तास लागतो.

---

मृ_ठाणे

सगळ्यांचे आभार, अपडेट देते.

दुसऱ्या सर्जनना दाखवलं, काळी कातडी काढली, खाली बऱ्यापैकी खोल आहे पण हाडापर्यंत नाही. ड्रेसिंग सुरू आहे. रक्तात सोडियम कमी निघालं, लघवीत इन्फेक्शन, दोन्हीवर औषधं चालू केल्यापासून रात्रीचा आरडाओरडा जवळजवळ थांबलाय. संध्याकाळी अजून कधी कधी डेपोत जायची घाई करतात. झोपेची गोळी बंद केली, ती म्हणे द्यायलाच नको होती.

पेपर मिळाले, सुखासुखी नाही. आधी म्हणाले रेकॉर्ड रूमचे साहेब रजेवर, मग म्हणाले पोलिसांचं पत्र आणा. ७२ तासांचा नियम ईमेलमध्ये लिहिल्यावर साहेब रजेवरून आले.

आता ऐका. नर्सिंग चार्टवर दर दोन तासांनी "पोझिशन चेंज्ड" अशी टिक आहे, एकाच पेनने, एकाच तिरकेपणाने, रात्रंदिवस. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दहा आणि बारा वाजताही टिक आहे. ऑपरेशन नोट्सप्रमाणे बाबा साडेनऊ ते साडेबारा थिएटरमध्ये होते! आणि हात बांधल्याची ऑर्डर कुठेही नाही, कारण नाही, काही नाही. भावाला दाखवलं तर तो गप्प बसला, मग म्हणाला फॉलोअप दुसरीकडे करू.

हे घेऊन सरळ त्यांच्या वरच्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊ का?

---

भूलवाला

थिएटरमध्ये असताना वॉर्डची टिक म्हणजे चार्ट शिफ्टच्या शेवटी एकदम भरलाय. दुर्दैवाने हे खूप ठिकाणी चालतं. बांधल्याची नोंद नसणं मला त्याहून गंभीर वाटतं. एका टिकने सोर का झाला ते सिद्ध होत नाही, पण आम्ही दर दोन तासांनी कूस बदलली हे त्यांना आता छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

---

ग्राहकराजा

केबिनमध्ये जाऊ नका आणि हे फोनवर बोलूही नका. तुम्हाला काय सापडलंय ते त्यांना आत्ताच कशाला सांगायचं. प्रत्येक पानावर त्यांचा शिक्का आणि सही आहे ना ते बघा, नसेल तर आधी ते करून घ्या. मग पूर्ण संच स्कॅन करून ठेवा. हे पेपर बाहेरच्या एखाद्या डॉक्टरकडून वाचून लेखी मत घ्या, आयोगापुढे त्याला वजन असतं. पालिकेकडचा अर्ज मात्र आता टाका, त्यात फक्त तीन गोष्टी, जखम न नोंदवणं, लेखी ऑर्डरशिवाय हात बांधणं आणि चार्टवरच्या वेळा न जुळणं. विशेषणं नकोत.

---

मृ_ठाणे

शिक्का पहिल्या आणि शेवटच्या पानावरच आहे. उद्या भावाला पाठवते, त्याच्याशी ते जरा नीट बोलतात.

---

सोनचाफा

मधेच विचारते, आमच्याकडे सासरे असेच पडून आहेत, ब्युरोची मावशी २४ तासांची घ्यावी की १२ ची? ठाण्यात चांगला ब्युरो कुणाला माहीत आहे का?

---

जुनी सिस्टर

१२-१२ च्या दोन घ्या परवडत असेल तर. २४ तासवाली बाई रात्री झोपणारच, माणूसच आहे ती. परवडत नसेल तर एकच १२ ची घ्या आणि ती रात्रीची घ्या, दिवसा घरात कोणी ना कोणी असतं. पहिल्या दिवशी तुमच्यासमोर कूस बदलून दाखवायला सांगा, काखेत धरून ओढलं की समजा नवीन आहे. ब्युरोचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.